पालथा वाडगा

बस असा, स्वरूप, पंख्याखाली. चहा उकळेपर्यंत सांगून होईल. घाई केलीस तर मला सांगता येत नाही.

इथं मस्कतच्या गाला भागातलं आमचं दुकान तू पाहिलंस. फुटकं जोडायचं दुकान. वॉशबेसिनचा टवका, ओट्याच्या संगमरवराची चीर, कुणाची आवडती फुलदाणी. जागा अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, हात माझे. शाळा चौथीत सुटली, पण माती कळते. वेंगुर्ल्याकडचं आमचं घर कुंभाराचं. गावात कुणी गेलं की माणूस आमच्याच दारात यायचा, मडकं न्यायला. खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतात, दगडाने भोक पाडतात आणि शेवटी मागे टाकून फोडतात, ते मडकं. त्याला जराही डाग असला तर बाबा देत नसत. "फुटणारच आहे, मग इतकं चांगलं कशाला?" असं मी विचारायचो. ते म्हणायचे, "जाणाऱ्याला आपण शेवटचं देतोय ते, दया."

हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक. तरी चूक माझ्याच हातून झाली.

मागच्या वर्षी मे महिन्यात उत्तराबाई दुकानात आल्या. मूळच्या पुण्याच्या. नवरा प्रताप तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, घर वादी अदाईला. त्यांनी पिशवीतून एक छोटा फ्रॉक काढला. त्यात गुंडाळलेला मातीचा वाडगा होता. लालसर, काठावर काळ्या रंगात मक्याची कणसं काढलेली. बुडाला रुपयाएवढं भोक. पडून फुटलेला नव्हता तो. कुणीतरी टोकदार वस्तूने बरोबर मध्ये भोक पाडलं होतं.

"हा माझ्या वल्लरीचा, काका," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं आम्ही मेक्सिकोत होतो. यातून ती रोज सकाळी कोको प्यायची. घरमालकिणीनेच दिला होता. आणि ती गेली त्या दिवशी त्याच बाईने तो फोडला. माझं लेकरू समोर, आणि ही वाडगा फोडत बसली... नीट होईल ना? थेंबभरही गळायला नको."

का फोडला, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक रडत असलं की मी काही विचारत नाही.

विटेची वस्त्रगाळ पूड आणि रेझिन कालवून मी लुकण करतो. प्रेमाच्या कपाची चीरही मी त्याच लुकणाने भरली होती. प्रेमा म्हणजे माझी बायको. एकदाच मस्कतला आली, तीन महिने राहिली, जाताना कप विसरून गेली. कोविडच्या पहिल्या वर्षी ती गावी वारली. विमानं बंद होती. मी फोनवर पाहिलं, तेही लांबून. कुणालाच जवळ जाऊ दिलं नव्हतं. कुंभाराची सून, पण तिच्यामागे मडकंसुद्धा निघालं नाही. मग मी तिच्या कपाच्या बुडाची चीर बुजवली आणि रोज त्यातच चहा पिऊ लागलो.

वाडग्याला चार दिवस लावले. अंगठ्याने घासून घासून असं गुळगुळीत केलं की सांधा बोटालाही लागेना. उत्तराबाईंनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. "काका, दुपारी येऊन जाल? प्रतापलाही ऐकू येतं, पण तो नाही म्हणतो. तुम्ही काही बोलू नका. फक्त ऐका."

एकला दुकान बंद केलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि निघालो. वादी अदाईच्या दुपारी तुला माहीत आहेत. चहूकडे बोडके तपकिरी डोंगर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जिन्यात माझ्या चपलांचाच आवाज मला मोठा वाटत होता.

दार प्रतापने उघडलं. ऑफिसला गेला नव्हता. मला पॅसेजमध्येच थांबवून हळू आवाजात बोलू लागला.

"ती म्हातारी घरमालकीण माया लोकांतली होती, काका. त्यांची जुनी शहरं तिथल्या जंगलात आहेत. दगडी पायऱ्यांची उंच देवळं. वल्ली पायऱ्या मोजत चढायची. दमा होता, तरी मोजायची. म्हातारी तिला सांगायची, देवांनी आधी मातीची माणसं केली, ती पाण्यात विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना काळीज नव्हतं. शेवटी मक्याच्या पिठाची केली, ती आपण. आमची पोर शाळेत सांगून आली, मी मक्याची आहे म्हणून." तो जरासा हसला. "म्हातारीने वाडगा फोडला तेव्हा उत्तराने तिला घराबाहेर काढलं. मी मागे गेलो. तर ती म्हणाली, आमचे जुने लोक मेलेल्याच्या तोंडावर त्याचा वाडगा पालथा घालायचे, आणि बुडाला भोक पाडायचे. नाहीतर जीव बाहेर कुठून पडणार?"

बाबांची मडकी ओळीने डोळ्यांसमोर आली.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वाडगा दिलात त्या दिवशी उत्तरा पोटभर जेवली, काका. दोन वर्षांत पहिल्यांदा."

आत जेवणाच्या टेबलावर फ्रॉक पसरलेला होता आणि त्यावर वाडगा पालथा. उत्तराबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि एसी बंद केला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. ओल्या मातीचा वास येत होता. थोड्या वेळाने त्यात कोकोचा वास मिसळला.

मग आवाज आला. मडक्यात तोंड घालून लहान मूल श्वास घेतं, तसा.

"आली," उत्तराबाई पुटपुटल्या. "रोज दोन वाजता येते. पहिल्या दिवशी किती शांत होता श्वास... गाढ झोपल्यासारखा."

"आणि आता?"

मी कान जवळ नेला. प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजत होती. दोन श्वासांमधलं अंतर कमी होत होतं.

मी वाडगा उचलला. आवाज थांबला. आत घाम फुटल्यासारखे थेंब होते, आणि मी बुजवलेल्या जागेवर ओरखडे. बारीक, जवळजवळ. वाळलेल्या लुकणावर खिळाही उमटत नाही, स्वरूप. हे इवल्या नखांचे होते.

"बाई," मी म्हणालो, "वाट मी बुजवलीय. मलाच मोकळी करू द्या."

"नाही... काका, नाही. ती परत आलीय."

मी वाद घातला नाही. वाडगा होता तसा ठेवला. श्वास पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा तोकडा. उत्तराबाई वाकून ऐकत राहिल्या. बराच वेळ. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"प्रताप... हा श्वास त्या दिवसाचा आहे. शेवटच्या दिवसाचा. पंप देऊनही धाप थांबत नव्हती, तेव्हाचा."

प्रतापने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रोज हेच सोसतेय ती," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी." मग माझ्यापुढे हात केला. "हातोडी द्या. मीच पाडते."

छिन्नी कशी सरळ धरायची ते मी दाखवलं. एकच घाव, अगदी हलका. प्रतापने येऊन त्यांचं मनगट धरलं. टक् झालं. लुकणाची चकती आत पडली. भोकातून ऊन वाफ आली आणि माझ्या हनुवटीला लागून गेली. कोकोचा वास होता तिला. मग खोलीत कसलाच वास उरला नाही.

उत्तराबाई प्रतापकडे वळून म्हणाल्या, "त्या म्हातारीचा नंबर आहे का रे तुझ्याकडे? मी तिला काय काय बोलले..."

संध्याकाळी खोलीवर आलो. सकाळी धुऊन पालथा घातलेला प्रेमाचा कप फळीवर तसाच होता. चहासाठी उचलला, तर आतून ओला. या हवेत ओला पंचा तासाभरात कडक वाळतो, तुला माहीत आहे. मी कप परत पालथा ठेवला आणि कान लावला. काही बोलायचं असलं की प्रेमा आधी एक लांब श्वास घ्यायची...

त्या दिवसापासून मी त्या कपातून चहा पीत नाही. छिन्नी त्याच्याच शेजारी ठेवली आहे. उत्तराबाईंना मी एका घावाचं काम म्हणून शिकवलं. मला वर्षभरात जमलेलं नाही. रोज दुपारी ऐकतो. शांत असतो श्वास. शांत आहे तोवर राहू दे, असं म्हणतो आणि उद्यावर टाकतो.

चहा झाला बघ. तू स्टीलच्या पेल्यात घे, त्या कपाला हात लावू नकोस. काल उचलून पाहिला तर बुजवलेल्या चिरेवर एक बारीक ओरखडा दिसला. चमच्याचा असेल, म्हणालो. पण वर्षभर त्या कपात चमचा गेलेला नाही.