सवारी भरल्याशिवाय

यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतं. गिरणीत फिटर म्हणून राबताना मी एवढाच धर्म पाळला. गिरणी बंद पडली तरी धर्म सुटला नव्हता, म्हणूनच जुन्या मॅटाडोरमध्ये दुसरं इंजिन मी स्वतःच बसवलं.

गाडी भैरवगढला आमच्या अंगणात उभी होती. मागची बाकं काढून माझ्या बायकोनं, अपर्णानं, घरी छापलेल्या चादरींचे गठ्ठे रचले होते. आज दुकान बंद व्हायच्या आत ते इंदूरच्या शेठकडे पोचले, तर त्यांचं काम कायमचं आम्हाला मिळणार होतं. नाहीतर मला पीथमपूरच्या कारखान्यात जाऊन एकट्यानं खोली करून राहायचं होतं. अपर्णा माझी बॅग मात्र भरत नव्हती.

मी सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं, पण चालू झालं नाही.

लाइनमधली हवा काढली. इंजेक्टरचे नट सैल करून पाहिले, डिझेल व्यवस्थित उडत होतं. टायमिंग पुन्हा जुळवलं. बॅटरी, अर्थिंग, सगळं ठीक. दुपार झाली आणि माझं डोकं तापलं.

शेजारचे भय्यासाहेब कुंपणापाशी उभे राहून मजा बघत होते. आयुष्यभर त्यांनी रोडवेजची बस चालवली होती.

"इंजिन कुठून आणलंस रे?"

"देवासच्या भंगारवाल्याकडून. सिंहस्थात यात्रेकरूंच्या गाडीला होतं म्हणे."

"मग बरोबर आहे. यात्रेच्या गाडीची आदत असते, सवारी भरल्याशिवाय निघत नाही."

मला हसू आलं नाही. तेवढ्यात एक गठ्ठा कलंडला म्हणून अपर्णा मागे चढली. मी उगाच सेल्फ मारला आणि इंजिन झटक्यात चालू झालं. ती खाली उतरली, तसं ते बंद पडलं. पुन्हा चढली, पुन्हा चालू.

वजनानं एखादी वायर दबत असणार. मी तिच्या जागी वाळूची पोती ठेवली. इंजिन ढिम्म. मग भय्यासाहेबांना चढवलं आणि ते चालू झालं. भय्यासाहेब उतरले, माझ्याकडे न बघता घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मी मागे बसते," अपर्णा म्हणाली. "तुम्ही चला तर."

शहरातून जाताना नदीकाठच्या राम घाटाच्या उतारापाशी गाडी आपोआप थांबली. आता अपर्णा मागे असूनही ती चालू होईना. उन्हात यात्रेकरू ओले कपडे पिळत होते, पंडे ओरडत होते. मी पाना घेऊन उतरलो.

अपर्णानं मागचं दार उघडलं आणि घाटाकडे तोंड करून हाक मारली, "इंदौर! चला, जागा आहे!"

"अगं, कोणाला बोलावतेस?"

"सवाऱ्या न्यायचो तेव्हा विचारायचोच की आपण. उरलेली जागा रिकामी कशाला न्यायची?"

घाटावरच्या एकानंही मान वळवली नाही.

गाडी मागून किंचित खाली दबली. मग आणखी दबली.

अपर्णानं हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा तसा. थोडा वेळ तो तसाच धरला. मग तिनं हलकेच दार लावलं आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली.

"निघा आता."

चावीला हात लावताच इंजिन चालू झालं.

रस्ताभर गाडी भरल्या गाडीसारखी जड चालली. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, गाडी चालतेय याचा आनंदच मनात मावत नव्हता.

इंदूरला दुकान उघडंच होतं. शेठनी हमालाला पाठवलं. तो आत चढलाच नाही. दाराशी उभा राहून नुसते हात पुढे करी आणि गठ्ठा घेऊन येई. मी तिकडे बघायचं टाळलं.

शेठनी एक चादर उजेडात धरली, तिची कड तपासली.

"रंग पक्का है. अब हर महीने लाइए."

अपर्णानं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. पीथमपूर टळलं होतं.

शेठनी चहा सांगितला. चहावाल्यानं आम्हाला दोन ग्लास दिले आणि उरलेल्या भरल्या ग्लासांची जाळी घेऊन तो बाहेर निघाला.

"वो किसके लिए?" मी विचारलं.

"आपके साथवालों के लिए," शेठ म्हणाले. "बेचारे उतर ही नहीं रहे."

आम्ही दोघंही चहा प्यायलो नाही.

चहावाला परत आला. जाळीतले सगळे ग्लास रिकामे होते.

"दीदी," तो अपर्णाला म्हणाला, "गाड़ी में बैठी अम्मा पूछ रही हैं, अगले महीने भी ले चलोगी न?"