चाळीस तासांचा पिस्टन

शहापुरात माझं गॅरेज होतं, तेव्हा भिंतीपलीकडे आण्णाप्पांचे माग चालायचे. दिवसभर नुसती खडखड. गिऱ्हाइकं विचारायची, मारुतीराव, या गोंगाटात तुम्हाला इंजिनाचा आवाज कळतो तरी कसा? मी म्हणायचो, लग्नघरात आपल्या बायकोचा आवाज कळतो ना, तसाच. तेव्हा असं बोलायला मजा वाटायची.

रस्त्यावरच्या गाडीचं आयुष्य किलोमीटरवर मोजतात. माळावर, ढेकळांतून, चिखलातून पळणाऱ्या गाडीला ते माप लागू नाही. तिचं चाक निम्मा वेळ जागच्या जागी गरगरतं आणि इंजिन जीव खाऊन ओरडत असतं. तिचे तास मोजावे लागतात. इतके तास झाले की रिंगा बदला, इतके झाले की पिस्टन. शहरातल्या माणसाला हे समजावताना तोंडाला फेस यायचा. शेतकऱ्याला मात्र लगेच पटायचं, कारण विहिरीवरच्या पंपाचा हिशेब तो तासांवरच करतो.

माझा मेहुणा रवळू बेळगुंदीचा. जयाबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, एकुलता एक भाऊ. उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या स्टोअरात कामाला होता, पण जीव सगळा गाडीत. निपाणीकडे तंबाखू निघाला, रानं मोकळी झाली, की जत्रेच्या निमित्तानं मोटरसायकलींच्या शर्यती लागायच्या. एक्याऐंशी आणि ब्याऐंशी, दोन्ही साली रवळू पहिला आला. गाडी मी बांधलेली. दिवे काढले, मडगार्ड उंच केलं, मागची सीट कापून टाकली आणि भंगारात मिळालेला पंपाचा तास-मीटर टाकीशेजारी बसवला. थरथर लागली की त्याचे आकडे सरकायचे, थरथर थांबली की तेही थांबायचे.

त्या इंजिनाचा पिस्टन चाळीस तासांचा. त्यापुढे एक मिनिटही नाही, हा माझा कायदा. जुना झालेला पिस्टन भर वेगात सिलिंडरला धरतो, मागचं चाक आवळतं आणि बसलेला माणूस दगडासारखा फेकला जातो. काकतीचा एक पोरगा असा गेला, त्याला उचलायला मी होतो. रवळूच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही, हे मी जयाबाईला शब्द देऊन सांगितलं होतं.

ब्याऐंशीची शर्यत झाल्यावर मी इंजिन उघडलं आणि नवा पिस्टन घातला. लेथवाल्याकडे दहा गॅरेजांचे भाग एकत्र पडलेले असतात, अदलाबदल होते. म्हणून मी पिस्टनच्या आतल्या बाजूला नाव कोरायचो, आपण तांब्या-परातीवर कोरतो तसं. मी ‘रवळू’ कोरत असताना जयाबाई डबा घेऊन आली होती.

“भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालत्यात,” ती म्हणाली. “ह्येच्यावर रवळूचं घातलंसा. मग रवळू ह्ये कुणाला देतोय?”

मी हसलो. तीही हसली.

थोडी चालवून गाडी पावसाळ्यासाठी झोपवली. टाकी रिकामी केली, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, सायलेन्सरमध्ये बोळा कोंबला, वर गोणपाट शिवलं आणि चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून तुळईला दोरानं टांगली. नव्या पिस्टनबरोबर शून्यावर आणलेला मीटर दहाच्या आत होता.

श्रावणात आण्णाप्पा दारात आले. मितभाषी माणूस, कानडी वळणाचं मराठी बोलायचे.

“शटर लावून गाडी चालू ठेवू नका हो, मारुतीराव. पिवळा ताणा आहे मागावर. धूर बसतोय.”

“टांगलेली गाडी ती, आण्णाप्पा. पेट्रोलचा थेंब न्हाय आत.”

“मग एरंडेलाचा वास कसला येतोय?”

एरंडेल मिसळलेलं पेट्रोल मी त्या एकाच गाडीत वापरायचो. आण्णाप्पांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, डब्याचं झाकण उघडं राहिलं असेल. ते गेले, पण जाताना त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं, तो सोगा काळा झालेला मी पाहिला.

खंडेनवमीला पूजेसाठी गाडी खाली उतरवली. गोणपाटाचा टाका जसाच्या तसा होता, दोरावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. मीटर सव्वीसवर होता.

मला भीती वाटली नाही, उलट स्वतःचं हसू आलं. भिंतीपलीकडे माग, मागाची थरथर तुळईत, तुळईची दोरात, दोराची मीटरमध्ये. भिंतीला कान लावून खात्री करून घेतली. मग सवयीनं एअर फिल्टर उघडला आणि एकामागून एक शिंका सुरू झाल्या.

फिल्टर काळ्या मातीनं गच्च भरला होता. मातीत तंबाखूचा चुरा होता, ओलसर, ताजा. टांगण्यापूर्वी तो फिल्टर मी रॉकेलमध्ये धुऊन ठेवला होता. बोळा काढला तर तो जळून कोळसा झालेला. पिस्टन बाहेर काढला. रिंगा झिजल्या होत्या, कडेला उभे ओरखडे होते. मागाच्या थरथरीनं मीटर फसतो, पण रिंग झिजत नाही.

हार आणि लिंबू तसंच ठेवून मी रवळूला निरोप धाडला. तो आला, तेव्हा आधी ओळखलाच नाही. गाल बसलेले, डोळे लाल.

“तू चालवलीस व्हय रं गाडी?”

“कवा चालवू, दाजी? स्टुलावर बसल्या बसल्या दम लागतोय. कंबर मोडून येतीया.” त्यानं तळहात पुढे केले. “ह्ये बघा की. मी काय धरलंच न्हाय.”

अंगठ्याच्या बेचक्यात फोड होते. खडबडीत रानात ॲक्सिलेटर आवळून धरला की येतात तसे. मी त्यांवर हळद लावायला सांगितली.

पिस्टनच नसेल तर इंजिन चालणार कसं? मी तो घरी नेला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला. आमच्या घरात वस्तू लपवायची तेवढी एकच जागा. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी जेवायला आलो, तर घरभर भाजल्याचा वास.

जयाबाई चुलीपाशी नव्हती. डबा पुढ्यात घेऊन भिंतीला टेकून बसली होती. डब्यातला तांदूळ वरून पांढरा होता. तिनं हात घालून आतला वर काढला. तो तांबूस होता, मध्यभागी काळा, आणि काही दाणे फुटून त्यांच्या लाह्या झाल्या होत्या. पिस्टन सांडशीनं उचलून मी पाण्याच्या बादलीत टाकला. चर्र आवाज झाला आणि पाण्यावर एरंडेलाचा तवंग पसरला.

मी कानस घेतली. नाव घासून टाकावं असं वाटलं. का वाटलं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. जयाबाईनं माझं मनगट धरलं.

“जित्या माणसाचं नाव खोडत्यात व्हय?”

मग हातोडा घेतला, फोडूनच टाकतो म्हटलं. हात वर गेला आणि तिथंच राहिला. मी इंजिनाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस. पण त्या तीन अक्षरांवर हातोडा मारायची माझी छाती झाली नाही. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो.

“त्येच्या जोडीला माझं घाला,” ती म्हणाली.

“कशाला?”

“दोघांनी मिळून दिलं म्हंजे एकट्यावर भार येत न्हाय. भांड्यावर असत्यात की दोन नावं.”

तिचं मन शांत होईल म्हणून मी खिळा आणि हातोडी घेऊन ‘रवळू’खाली ‘जयाबाई’ कोरलं. अक्षरं छान आली. तिनं ती बोटानं चाचपून पाहिली.

त्या दिवसापासून सगळं थांबलं. मीटर काढून मी पिस्टनशेजारी कपाटात ठेवला होता, तो अडतिसाच्या पुढे जाऊन स्थिर झाला. गाडीचे सगळे भाग सुटे करून चार पोत्यांत भरले. रवळूच्या अंगावर मांस चढलं, हातावरचे फोड गेले. मी गिऱ्हाइकांशी पुन्हा थट्टा करू लागलो.

त्र्याऐंशीच्या चैत्रात शर्यतीचा दिवस आला. गाडी पोत्यात होती, तरी मी गॅरेज बंद ठेवलं आणि मीटर खिशात घालून जयाबाईला घेऊन बेळगुंदीला गेलो. म्हटलं, आजचा दिवस त्याच्यावर नजर असू दे.

दुपार. ओसरीवर घोंगडं टाकून रवळू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. त्याच्या मागं जयाबाई, समोर मी. सासूबाई, नागुबाई, आत चहा ठेवत होत्या. वारा पडला होता, अंगणातल्या आंब्याचं पान हलत नव्हतं. कुणाच्या तरी लग्नाचं बोलणं चाललं होतं.

रवळूच्या हातातली शेंग खाली पडली.

त्याचे हात पुढे आले आणि हवेत थांबले. उजवी मूठ वळली. धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून करतात तसे त्यानं डोळे बारीक केले.

“दाजी, बंद करा की.”

“काय बंद करू?”

“लई पळतीया. मला उतरायचंय.”

मी त्याचे खांदे धरले. खांद्यांत थरथर होती. तापाची नव्हे, इंजिनाची. हातांखाली मी ती हजारदा ओळखलेली होती, आणि पिस्टन आता धरायला आलाय हेही ती मला सांगत होती. खिशात मीटर टिकटिकायला लागला.

“आक्का, धर मला,” रवळू म्हणाला.

जयाबाईनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. गाल त्याच्या पाठीवर दाबला.

“क्लच दाब, रवळू.”

“दाबलाय. सुटंना.”

त्याचा उजवा पाय घोंगड्यावर ब्रेक दाबत होता. टाच जमिनीत रुतेल इतका.

“धरलंय रं मी,” जयाबाई म्हणाली. “तू उतर.”

आणि रवळू सैल पडला.

घामानं भिजला होता, पण डोळे त्याचे होते. तो रडायला लागला. “उतरलो, दाजी. उतरलो.” मी त्याला छातीशी धरलं. देवाचं नाव मी सहसा घेत नाही, ते घेतलं.

नागुबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्या माझ्याकडे किंवा रवळूकडे बघत नव्हत्या.

रवळूच्या अंगातली थरथर गेली होती. माझ्या खिशातला मीटर चालूच होता.

मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. जयाबाई ताठ बसली होती. तिचे हात आता रवळूच्या कमरेभोवती नव्हते. ते पुढे, हवेत होते, मुठी आवळलेल्या.

“जया,” मी म्हटलं.

ओसरीवर वाऱ्याची झुळूकही नव्हती. तिच्या कपाळावरचे केस मागे उडत होते.