आधी खाली यावं लागतं

खाली

नाट्यगृहाचं छत रंगवायचं काम मिळालं तेव्हाची गोष्ट. खांद्यावर शिडी घेऊन मी आत शिरले, तर एका पिवळ्या यंत्राशेजारी तो हाताची घडी घालून उभा.

"शिडीवरून छत? मान मोडून घ्यायचीय का?"

"मान तुमची आहे का?"

"नाही. मशीन माझं आहे. चढा."

वर

लोखंडी पट्ट्यांच्या फुल्या, एकीवर एक. खालून पंप तेल ढकलतो, आडव्या पडलेल्या फुल्या हळूहळू उभ्या होतात आणि वरचा कठडा – म्हणजे आम्ही दोघं – छताजवळ. सिझर लिफ्ट. कात्रीच, पण कापत नाही... उचलते.

त्यानंच सांगितलं हे. गोदामांचे दिवे, विमानतळाच्या काचा, कारखान्यांचे पंखे... सगळीकडे हा आणि त्याचं यंत्र.

"पण कुठंच दुसऱ्यांदा जात नाही," म्हणाला.

मी उगाचच ब्रश बुडवत राहिले.

छतावर फुलांची वेल रंगवायची होती. एकदा तिचं एक पान हाताला येईना. मी वाकले. त्यानं बाही धरून मागे ओढलं.

"हे फक्त सरळ वर जातं. बाजूला सरकायचं तर आधी खाली यायचं. मग परत वर."

"किती कटकट!"

"हो ना." तो हसला. "तेवढाच वेळ जातो."

मध्येच

शेवटचा दिवस. एकच फूल उरलेलं. उद्या यंत्र ट्रकवर चढणार आणि त्याच्याबरोबर हाही. काहीतरी बोलायला हवं होतं, पण...

अर्ध्यावर यंत्र कण्हलं. थांबलं.

"बॅटरी," तो म्हणाला.

"रोज सकाळी तपासता ना?"

"आजही तपासली."

"मग?"

त्याचे कान लाल. "मुद्दाम अर्धीच भरली. खाली असलो की तुम्ही ब्रश धुवायला पळता. बोलायचं कधी? घाबरू नका, सफाईच्या मावशींना लाल दांडा दाखवून ठेवलाय. ओढला की तेल टाकीत परत जातं, लिफ्ट अलगद उतरते. तुम्ही म्हणाल तेव्हा ओढतील."

खालून मावशी ओरडल्या, "ओढू का गं? की बोलतोय अजून? सकाळपासून घोकतोय नुसता!"

"थांबा, मावशी!" मी त्याच्याकडे वळले. "बोल."

"इथं... दुसऱ्यांदा यायचंय मला."

मी ब्रश डब्यात ठेवला आणि कठड्यावरून खाली पाहिलं.

"मावशी, ओढा!"

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... नाही?"

"वेडा आहेस का? बाजूला सरकायचं तर आधी खाली यावं लागतं ना?"

पुन्हा खाली

आजही तिथं नाटकाला गेलो की दिवे मालवेपर्यंत आम्ही दोघं वर बघत बसतो. भरगच्च वेलीत एक फूल अजून कोरं आहे. ते रंगवायला तो खरंच दुसऱ्यांदा आला होता, बॅटरी काठोकाठ भरून.

मीच रंगवलं नाही. म्हटलं, राहू दे. तिसऱ्यांदा यायला काही कारण नको?