आडवं माप

पॉलिनला पिकअपच्या हौद्यात झोपवून कारवारला न्यायचं, हे मी ठरवलं तेव्हा आमच्या निम्म्या पापडी गावाने मला वेड्यात काढलं. उरलेल्या निम्म्यांनी फुकटचे सल्ले दिले. कोणी म्हणालं ॲम्ब्युलन्स कर, कोणी म्हणालं विमानाने ने. कारवारला विमान उतरत नाही, हे सांगण्याच्या फंदात मी पडलो नाही.

पॉलिन माझी बायको. तिच्या मणक्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी हात वर केले. तिला ताठ उभं राहता येत नव्हतं, फार वेळ बसता येत नव्हतं. कडक फळीवर, गुडघ्याखाली उशी घेऊन, तासभर कशीबशी पडायची. एरवी वेताच्या आरामखुर्चीत लवंडून दिवस आणि रात्र काढायची. आमची मुलगी प्रीतल कारवारला दिलेली. तिला मुलगी झाली होती आणि पॉलिनने नातीला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं.

"एकदा मांडीवर घेऊ दे," ती म्हणायची. "मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

म्हणून मी केळीच्या एका व्यापाऱ्याकडून जुना पिकअप घेतला. हौद्यात केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते घासूनही गेले नाहीत. हौद्यावर फायबरचा टप बसवायचा, आत बेड, एक खिडकी, पंखा, पाण्याची टाकी आणि मागे दार. रोज थोडं थोडं जायचं, वाटेत चर्चच्या आवारात नाहीतर पेट्रोल पंपावर थांबायचं. सगळी आयुष्यभराची नोकरी मी कारखान्याच्या टूलरूममध्ये केली. केसाएवढा फरक पडला तरी ज्याला जेवण जात नाही, असा मी माणूस आहे. हे काम माझ्या हातचं होतं.

टपासाठी पाचूबंदरहून आग्नेल आला. आम्ही एकाच कारखान्यात होतो, आता तो होड्यांना फायबरचा थर देतो. दुपारी अंगणात चिंचेखाली त्याने रेझिनचा डबा उघडला की तो वास घरभर पसरायचा आणि पॉलिन खुर्चीतून ओरडायची, "मला मासळीच्या होडीत नेताय की काय?" ते दिवस बरे होते.

बेडच्या मापाची पाळी आली.

माझा बा सुतार होता. दारंखिडक्या करायचा, आणि गावात कोणी गेलं की शवपेटी. आग्नेलच्या बापाची पेटीही त्यानेच केलेली. बाचा एक दंडक होता. गेलेल्या माणसाचं माप तो टेपने घेत नसे. सागाची पातळ पट्टी शेजारी ठेवायची, टाचेशी पेन्सिलची रेघ मारायची, आणि काम झालं की ती पट्टी पेटीत चादरीखाली घालून माणसाबरोबर पाठवायची. मागे ठेवायची नाही, दुसऱ्या कशाला वापरायची नाही. आणि जिवंत माणसाचा पलंग करायचा तर माप दाराच्या चौकटीला उभं करूनच घ्यायचं. आडवं करून कधीच नाही. का, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा त्याने मला रंधा मारायला बसवलं होतं.

मला हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. शिवाय पॉलिन ताठ उभी राहतच नव्हती, चौकटीला टेकवणार काय? आग्नेलने आणि मी तिला उचलून हौद्यात चटईवर निजवलं. टेप रेझिनने माखून अडकला होता. जवळ बाच्या वेळची सागाची पट्टी पडली होती. ती मी तिच्या शेजारी ठेवली, कानावरची पेन्सिल काढली आणि टाचेशी रेघ मारली.

आग्नेल डब्यात हार्डनर ढवळत होता. त्याचा हात थांबला.

"प्लासिड, टेप साफ करून देतो ना मी."

"झालं माप."

"तसं नको होतं घ्यायला."

"तूपण बाच्या शाळेतला का?" मी म्हटलं. पॉलिन हसली. आग्नेल काही हसला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि डब्यातलं रेझिन दगड होऊन वाया गेलं.

पट्टी जुन्या सागाची होती, फेकून द्यायला जीव होईना. बेडच्या कडेला एक आधार हवाच होता. मी ती तिथे स्क्रूने बसवली आणि वरून स्वतःच फायबरचा हात फिरवला. ब्रेक लागला तर पॉलिन घसरू नये म्हणून डोक्याशी एक आणि पायाशी एक अशा उभ्या फळ्या लावल्या. मापापेक्षा दोन्हीकडे एकेक वीत जास्त ठेवली. बेड दोघांचा होता, वळणापुरती जागा हवी.

पहिल्यांदा तिला त्यावर निजवलं ती मे महिन्यातली दुपार होती. तिचं डोकं वरच्या फळीला टेकलं आणि टाचा खालच्या फळीला.

"बरोबर मापात झालाय," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

दोन विती गेल्या कुठे, हे मी बघायच्या आतच तिला झोप लागली. मी तिथेच बसलो. तिच्या कपाळावरची ती कायमची आठी गेली होती. किती काळानंतर मी तिला अशी निजलेली बघत होतो. मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली?

ती उठली तेव्हा म्हणाली, "दुखत नाही रे. काहीच दुखत नाही."

त्या दिवसापासून ती दुपारी तिथेच झोपायला लागली. टपाला बाहेरून हात लाववत नव्हता इतका तो तापायचा. आत ती कोरडी. केसाच्या मुळाशीसुद्धा घाम नाही. आणि ती नेहमी कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपणारी बाई. इथे पाठीवर, सरळ, दोन्ही हात छातीवर एकावर एक.

मी टेप घेऊन आत गेलो. बेड मोजला, मी ठरवला होता तेवढाच होता, एकेक वीत जास्तीसकट. पॉलिनला मोजलं, ती होती तेवढीच होती. तरी तिच्या टाचा फळीला टेकल्या होत्या. टूलरूममधला माझा जुना फीलर गेज, फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा, आणला, त्याचं सगळ्यात पातळ पान मध्ये सारून पाहिलं. जाईना. दोन्ही आकडे बरोबर होते, आणि दोन्ही एकत्र बरोबर असू शकत नव्हते. असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. मला राग आला, खरंतर भीती वाटली असणार.

दुसऱ्या दिवशी पायाकडची फळी काढून पार मागच्या दाराजवळ नेऊन ठोकली. पॉलिनला निजवलं. डोकं वर टेकलं, टाचा खाली टेकल्या.

"आतापण मापात आहे," ती म्हणाली.

कोणाला सांगणार, आणि काय सांगणार?

निघण्याआधी गाडी चालवून बघायची म्हणून तिला घेऊन जवळच कळंबच्या किनाऱ्याला गेलो. आमच्याकडचे रस्ते म्हणजे पोट धरून बसायचं काम. नाल्यापुढे एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की माझे दात वाजले. समुद्रावर सुरूच्या झाडांखाली थांबून मी मागचं दार उघडलं. पाण्याचं भांडं उलटलं होतं, पिशवीतले पेरू, बिस्किटं सगळं फरशीभर पसरलं होतं. तिच्या चादरीला एक चुणी नव्हती.

"पॉलिन, समुद्र बघतेस ना?"

तिने डोळे उघडले नाहीत. "तू बघ. मला इथेच बरं आहे."

मी तिच्या पायाला हात लावला. पाय गार होता. ती मात्र अगदी समाधानाने बोलत होती.

नंतर आग्नेल दाराच्या ढिल्या झालेल्या बिजागऱ्या आवळायला आला. त्याने आत डोकावलं. पॉलिन निजली होती. तो मागे सरला आणि मला विहिरीपाशी घेऊन गेला.

"ती पट्टी कुठंय?"

"बेडला लावलीय. वर फायबर आहे."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "माझ्या बाची पट्टी तुझ्या बाने त्याच्या कुशीला ठेवली. मी पाहिलीय. कोनी मागे ठेवत नाय प्लासिड. काढ ती. आजच काढ."

मी वाद घातला नाही. पॉलिनला खुर्चीत बसवलं आणि छिन्नी-हातोडी घेऊन आत गेलो. फायबर फोडलं, स्क्रू सोडवले, पट्टी बाहेर काढली. तिच्यावर माझी रेघ तशीच होती. मग पॉलिनला परत निजवलं.

डोक्याकडे वीतभर जागा होती. पायाकडे तर चांगली हातभर. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच वेळी ती किंचाळली.

तिला उचलून घरात आणेपर्यंत तिने ओठ चावून रक्त काढलं होतं. शस्त्रक्रियेनंतरही असं दुखलं नव्हतं. गोळ्या झाल्या, डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, शेकून झालं. खुर्चीत ती गुडघे पोटाशी घेऊन नुसती हलत राहिली. प्रीतलचा फोन आला तर नातीकडे बघायलासुद्धा तिने मान वर केली नाही.

"तू काहीतरी काढलंस," शेवटी ती म्हणाली. "होतं तिथे परत ठेव."

"पॉलिन, ते चांगलं नाही."

"हे चांगलं आहे?"

मला काहीही करता येत नव्हतं. ती पट्टी जाळायची म्हणून मी चुलीपाशी नेऊन ठेवली होती. तिथून उचलली आणि परत पिकअपकडे गेलो. दुसरं कोणी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

स्क्रू फिरवताना मला दिसलं. पॉलिनच्या रेघेच्या वीतभर पुढे आणखी एक रेघ होती. पेन्सिलची. माझ्या हाताची रेघ मला ओळखू येते, सुरुवातीला दाबलेली आणि शेवटी उचललेली. ती मी मारली नव्हती. आग्नेलने मारली असेल, असं स्वतःला सांगितलं आणि काचपेपरने घासली. साग घासला गेला. रेघ राहिली. मी वरून फायबरचा हात फिरवला.

रेझिन सुकल्यावर तिला निजवलं. डोकं टेकलं, टाचा टेकल्या, कपाळावरची आठी पुसली गेली.

निघायचा दिवस ठरला. गाडी आग्नेल चालवणार होता. तो यायला तयार नव्हता. पॉलिनने स्वतः फोन करून त्याला गळ घातली. सामान भरून झालं. नातीसाठी विणलेलं लोकरीचं टोपडं पॉलिनने उशाशी ठेवलं होतं. चर्चची दुपारची घंटा झाली. आग्नेल बसने येत होता, अजून पोचला नव्हता.

"प्लासिड," ती आतून म्हणाली. "तू तुझी जागा बघितलीस का?"

"रात्री बघेन."

"आता बघ ना. इतकं केलंस माझ्यासाठी."

ती भिंतीकडे सरकली नव्हती, तरी तिच्या शेजारी बरोबर एका माणसाची जागा होती. मी चपला काढल्या. मी तिच्यापेक्षा डोकंभर उंच आहे. तिच्या टाचा जिथे टेकतात तिथे माझे पाय दुमडायलाच हवेत, एवढं साधं गणित होतं. तेच तपासायला मी आडवा झालो, असं मी म्हणू शकतो. खरं सांगायचं तर तिला तिथे एकटीला सोडवत नव्हतं.

पाय दुमडावे लागले नाहीत.

डोकं वरच्या फळीला टेकलं. टाचा खालच्या फळीला टेकल्या.

माझे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. ते थांबले. तापलेल्या टपाखाली छान गारवा होता. चिंचेवर कावळा ओरडत होता तो हळूहळू लांब गेला.

"मापात आहे ना?" पॉलिन म्हणाली.

खिशात फोन वाजायला लागला. निघालात का, हे विचारायला प्रीतल या वेळेला फोन करणार होती. पलीकडे बाळाला मांडीवर घेऊन बसली असेल. मला उचलायचा होता. फोन छातीवरच्या खिशात होता आणि माझे दोन्ही हात त्याच्यावरच होते, एकावर एक. मी ते तसे कधी ठेवले, आठवेना.

"वाजू दे," पॉलिन म्हणाली.

फोन माझ्या तळव्याखाली बराच वेळ थरथरत राहिला. मग थांबला, आणि मला बरं वाटलं.