वारुळाजवळची अळंबी

गंधाली, तो टॉर्च बंद कर आधी. मिहिर, तू जरा आत सरक. हे कुठल्या पेपरातलं नाही. पॉल माझ्या शेजारचा, मरोळ गावठाणातला. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

दोन हजार चोवीसची दोन ऑक्टोबर. गांधी जयंतीची सुट्टी, आणि नेमकी सर्वपित्री अमावास्या. पॉलची आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तीन दिवस पेजेशिवाय पोटात काही नाही. त्या दुपारी मात्र म्हणाली, "पॉल, रानातली अळंबी खावीशी वाटते रे."

आईने काहीतरी मागितलं, यातच पॉलला आनंद. त्याच्या ऑफिसातल्या हर्षदला आरेच्या जंगलातल्या अळंबीच्या जागा ठाऊक होत्या. त्याच्या स्कूटरवरून दोघे निघाले.

रस्त्याकडेला स्कूटर लावून झाडीत शिरले तेव्हा सव्वासहा झाले होते. हस्ताचा पाऊस नुकताच झोडपून गेलेला. पहिल्याच वारुळापाशी मूठभर अळंबी मिळाली. पांढरी, टवटवीत. पॉलने ती कापडी पिशवीत टाकली.

"एवढ्याने काय होणार यार?"

"तू डावीकडे बघ, मी उजवीकडे बघतो," हर्षद म्हणाला.

पॉल वाकून वाकून शोधत राहिला. अंधार कधी पडला कळलंच नाही. तेवढ्यात पुढून हर्षदची हाक आली, "इकडे ये. इकडे भरपूर आहेत."

गेला. खरंच होती. खुडली. पुन्हा हाक, आणखी पुढून. "इकडे ये." तिथेही अळंबी. कंबर मोडून आली होती, जीव घराकडे ओढत होता, पण आईचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. रातकिडे थांबलेत, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

"हर्षद, बस झालं ना. निघूया."

पॉल परतीला वळला. मग...

"थोडं पुढे."

पॉलचा फोन वाजला. स्क्रीनवर हर्षदचं नाव.

"अरे कुठे तडमडलायस? अर्धा तास स्कूटरपाशी उभा आहे मी!"

पॉलने फोन कानापासून खाली घेतला.

मागून, अगदी कानाशी, हर्षदच्याच आवाजात कुणीतरी विचारलं...

"कुणाचा फोन?"

पॉलने वळून पाहिलं नाही. धावला. पडला. उठला. पिशवी तेवढी मुठीत आवळलेली. रस्त्यावरचा दिवा दिसला. दिव्याखाली हर्षद. पण पॉल लांबच थांबला.

"तू... तूच ना?"

"डोकं फिरलं काय तुझं? बस मागे."

वाटभर पॉल मागे वळून बघत राहिला.

घरी मॉनिकाने, त्याच्या बायकोने, पिशवी ओट्यावर उपडी केली आणि ती थबकली.

"पॉल, हे कोणी बांधून दिलं?"

खुडून सुटी टाकलेली अळंबी आता सुटी नव्हती. हिरव्या पानांची एक पुडी होती, रानवेलीने करकचून बांधलेली.

आतून आईने विचारलं, "मिळाली का रे?"

"नाही, आई."

बाहेर फेकून द्यायला म्हणून पॉलने पुडी उचलली.

कोमट होती. आताच कुणीतरी बांधून दिल्यासारखी.