दुधीवरचं कापड

"अहो, हा वाफा माझा आहे!"

अफीफानं मान वर केली. समोर एक उंच मुलगा उभा होता. हातात कोरं फावडं, दुकानाचा स्टिकरही तसाच.

"आधी स्टिकर काढा," ती म्हणाली, "मग वाफ्याचं बोलू."

तो हसला. हसताना याचे कान लाल होतात, हे तिनं लगेच टिपलं. बॉटनी घेऊन बीएस्सी झालेली मुलगी ती. बारकाईनं बघायची सवय सुटणार थोडीच!

भांडण मिटवलं हौसामावशीनं. अंबाडी गावाजवळची ही जमीन तिची. गावातल्या हौशी लोकांना ती भाजीसाठी वाफे भाड्यानं देई. पण तिचा एक दंडक होता. "शिकाऊंना दोघांत एक वाफा. पयलं फल उतरलं का मंग ज्याचा त्याला येगला. एकल्यानं न्हाय जमायचं तुमाला."

तेव्हापासून शुक्रवार दोघांचा झाला. शुक्रवारी निजामपुऱ्यातले कापडाचे लूम बंद, म्हणून त्या मुलाला, मुबश्शिरला, वडिलांच्या कारखान्यातून सुट्टी. अफीफाचे अब्बा तिला शेतावर सोडून नाक्यावर चहाला बसत. दोघांनी दुधी लावला. मुबश्शिरनं वेलासाठी सुतळीचा मांडव इतका ताठ बांधला, की अफीफाला हसूच आवरेना.

"यावर दुधी चढवायचाय, कापड नाही विणायचं."

"काय करू... एक तार ढिली दिसली तरी हात शिवशिवतात."

मग लाल भुंगेरे आले आणि कोवळी पानं चाळणीसारखी झाली. पुढच्या शुक्रवारी मुबश्शिर आपल्याच लूमवरचं झिरझिरीत कापड घेऊन आला. अख्खा मांडव त्यानं झाकून टाकला, कडा दगडांनी दाबल्या. वेल वाचला, वाढला... आणि एका संध्याकाळी कापडाआड पांढरी फुलं उमलली.

इथे अफीफानं एक गोष्ट सांगायला हवी होती. फुलं आली की कापड काढायचं. पाकोळ्या, मधमाश्या आत शिरल्याच नाहीत, तर नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत पोचणार कसे? फळ धरणार कसं? तिनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "फळ धरलं की तुम्हाला तिकडे विहिरीजवळचा वाफा मिळेल. मी इथे कुंपणापाशी." 

तिनं तोंड मिटलं.

फुलं येत राहिली. अंगठ्याएवढे दुधी पिवळे पडून गळत राहिले. शेवटी हौसामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धरतच न्हाय! फुडल्या शुक्करवारी वेल उपटते न कारली लावते."

ती गेली. मुबश्शिर गळालेलं फळ तळहातावर घेऊन बसला. त्याचे कान लाल नव्हते. "चूक माझीच," तो हळूच म्हणाला.

अफीफाला ते बघवेना. मिळू दे विहिरीजवळचा वाफा, मिळू दे कुठलाही... "कापड काढूया," ती म्हणाली.

दोघांनी कापडाची दोन टोकं धरून घडी घातली. शेवटच्या घडीला बोटं बोटांशी आली. कुणीच घाई केली नाही. मग तिनं एक नर फूल तोडलं, पाकळ्या मागे वळवल्या आणि त्याच्या हातात दिलं. "मादी फुलाच्या मधोमध टेकवायचं... जोरात नाही. हं—असं."

मावळत्या उजेडात त्याच्या बोटाला पिवळे पराग लागले.

"मला ठाऊक होतं," अफीफानं खाली बघत सांगून टाकलं. "कापडामुळे फळ धरत नाही ते. मी मुद्दाम..."

"मलाही."

"काय?"

"यूट्यूबवर पाहिलं होतं. मग विहीर आठवली." आता कान लालबुंद. "पण तुम्ही तर बीएस्सी बॉटनी! दर शुक्रवारी वाटायचं, ही आज सांगणार... आणि तुम्ही गप्पच. का गप्प, म्हणून मी विचार करत बसायचो."

"काय ठरलं मग?"

"ठरवायला धीर कुठे होता?"

पुढच्या शुक्रवारी वेलावर हिरवागार दुधी लटकत होता. हौसामावशीनं तो बोटानं दाबून बघितला. "काढलंत एकदाचं कापड! म्या बगत व्हते, कोन पयलं काढतंय. चला, आता येगलं वाफं—"

"मावशी," मुबश्शिर मध्येच बोलला, "एकच राहू दे."

"दंडक हाय माजा."

"शिकाऊंसाठी ना? एका घरातल्या दोघांना एक चालेल?"

मावशी फिसकन हसली आणि पाण्याचं निमित्त काढून विहिरीकडे निघून गेली.

मुबश्शिर अफीफाकडे वळला. "हा दुधी घेऊन अम्मीला तुमच्या घरी पाठवू? ...थोडा मोठा होऊ दे, मग?"

अफीफानं फळावरून बोट फिरवलं. कोवळी लव हाताला लागली.

"दुधी कोवळाच तोडतात," ती म्हणाली. "आजच ने. आणि ऐक... यापुढे 'तुम्ही' नको."