आजोबांचा बाजार कोण करतं?

वेंगुर्ल्याचे खानोलकर आजोबा निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ. आरोग्यकेंद्राचा यंत्रमानव धन्वी त्यांना तपासायला घरी आला, तेव्हा त्यांनी शंभरातून सात-सात वजा केले, घड्याळाचं चित्र काढलं, सांगितलेले शब्द परत म्हणून दाखवले. वर धन्वीचीच फिरकी घेतली. गुण जवळजवळ पैकीच्या पैकी! मग हेच आजोबा हल्ली शेगडी बंद करायला कसे विसरतात?

नात शाल्मलीने धन्वीला तेच विचारलं.

"ही झाली बोधनक्षमता चाचणी (आठवण, लक्ष, भाषा तपासणारी)," धन्वी म्हणाला. "आयुष्यभर डोकं चालवणाऱ्यांच्या मेंदूत गंगाजळी असते. झीज सुरू झाली तरी ती बराच काळ गुण सांभाळून घेते. म्हणून स्मृतिभ्रंश (आठवण आणि समज हळूहळू कमी करणारा आजार) एकाच मापाने कळत नाही. दुसरं माप म्हणजे रोजचं जगणं. पूर्वी स्वतः करत ती कामं आज जमतात का? ते घरच्यांना विचारावं लागतं. गेल्या वर्षी विचारलं तेव्हा तुझे बाबा म्हणाले, मासळीबाजार अजून आजोबा स्वतःच करतात."

शाल्मलीचा चेहरा उतरला.

"पिशवी आजोबांच्या हातात असते, पण मासे तेव्हाही मीच निवडत होते, आताही. त्यांना ताजं-शिळं कळत नाही आता. बाबांना समजलं तर ते त्यांचं बाजारात जाणं बंद करतील, म्हणून मी बोलले नाही."

"पारडं खालून बोटाने उचलून धरलं, तर वजन कसं कळणार? मदतीने जमणं आणि एकट्याने जमणं आम्ही वेगळं मोजतो."

"तेव्हाच कळलं असतं तर?"

धन्वीला खोटं बोलता येत नसे. "उपचार आधी सुरू झाले असते. गेलेलं परत आलं नसतं, पण उरलेलं कदाचित जास्त टिकलं असतं."

शाल्मलीला रडू आवरेना. फार वाईट वाटलं तिला. शेजारी बसून सगळं ऐकणारे आजोबा म्हणाले, "येत्या रविवारी तू नुसती बघ. मला चुकू दे. मोजमाप खरं हवं."

रविवारी बाजारात मासेवाली ओरडली, "ताजे आसत, मास्तरानू!" आजोबांनी दोन बांगडे उचलले, कल्ले उघडून पाहिले आणि सवयीने नातीकडे वळले. तिने हात पाठीमागे घट्ट धरले. सांगून टाकावंसं फार वाटत होतं. आजोबांनी काळपट कल्ल्यांचा, शिळा बांगडा पिशवीत टाकला.

"बरोबर ना गं?"

"चुकलं, आजोबा."

त्यांनी बांगडा पिशवीतून काढून परत ठेवला. "शाबास. हेच धन्वीला सांग, म्हणजे औषध सुरू करता येईल."

घराचा रस्ताही ते हल्ली विसरत, पण तिच्यामागून चालत ते लपवत. आज त्यांनी तो तिला विचारला, पहिल्यांदाच, न लाजता.